माहेरची वाटी, सासरची वाटी

सुनेची तब्येत सुधारली, ही बातमी कावेरीनंच साऱ्या गावभर केली होती. आता तीच बातमी तिच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती. गिळता येईना, काढता येईना.

लग्न होऊन दर्शना शारजाला आली तेव्हा नुसती काडी होती. अल नहदातल्या नवव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये सव्वा वर्ष काढलं आणि मग दोन महिन्यांत तिचे गाल भरले, मनगटं गोल झाली, पायातली जोडवी बोटांत रुतायला लागली. रंगही उजळला. कावेरीला कोण आनंद झाला! सून सुकली की सासूचं नाव निघतं आणि सून भरली की सासूचंच निघतं, हे ती आपल्या सासूच्या राज्यात शिकली होती. तिनं लगेच कणकवलीला जावेला व्हिडिओ कॉल लावला आणि दर्शनाला फोनसमोर बसवली. "बघ गो, आमच्या सुनेची तब्येत कशी सुधारली ती!" जाऊ म्हणाली, "दुबयचा पाणी मानवला तिका." गावाला शारजा, अजमान सगळं दुबईच.

गेल्या सोमवारी क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी दर्शनाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, पण खड्डा तसाच राहिला. सुनेच्या अंगावर चढलं होतं ते मांस नव्हतंच, पाणी होतं. लघवीचा रिपोर्ट आला, त्यात प्रोटीनसमोर चार अधिकची चिन्हं होती. किडनी गळत होती. येत्या गुरुवारी बायोप्सी करायची, म्हणजे सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढून बघायचा, असं ठरलं.

आणि दर्शनाचे वडील किडनीनंच गेले होते. हे कळल्यापासून संपदा शांत बसली नव्हती. संपदा म्हणजे कावेरीची थोरली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीच्या रिसेप्शनवर दहा वर्षं काढलेली बाई, त्यामुळे कुणालाही समोर बसवून नाव, काम, कागदपत्रं विचारण्याची तिला सवय. तिनंच शनिवारी सगळ्यांना जेवायला एकत्र बोलावलं. स्वतःच्या घरी नव्हे, आईच्या घरी.

दर्शनाचा भाऊ अरुण दोन बस बदलून आला. तोही तिकडे पार्कातच एका कारखान्यात मशिनवर होता, स्टाफच्या खोल्यांत राहायचा. बहिणीच्या सासरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून त्यानं मिठाईचा डबा आणला होता. तो डबा कुणी हातातून घेईना, म्हणून मांडीवर ठेवून सोफ्याच्या अगदी कडेला बसला. कावेरीला ते दिसलं. तिनं उठून डबा घेतला आणि त्याला पाणी दिलं.

"अरुणभाऊ, मी डायरेक्टच विचारते," संपदा म्हणाली. "राग मानू नका. तुमच्या बाबांचं डायलिसिस कधी सुरू झालं?"

"ते गेले त्याच्या आधी दोन वर्षं."

"म्हणजे लग्न ठरवताना तुम्हाला माहीत होतं, की हे घराण्यात आहे."

"घराण्यात नाही हो, ताई. बाबांना साखर होती. वीस वर्षं होती. त्यानं किडनी गेली."

"असं तुम्ही म्हणता."

"डॉक्टर म्हणाले होते. कागद आहेत गावाला."

"ताई, प्लीज," धनंजय म्हणाला. दर्शनाचा नवरा. दुबईच्या एका कार्गो ऑफिसात दिवसभर चाळीस जणांशी भांडणारा हा माणूस घरात बहिणीसमोर प्लीजच्या पुढे जात नसे.

"तू थांब, धनू. मी काय तिच्या वाईटावर आहे? इथं ट्रीटमेंट परवडणार आहे का, वर्षानुवर्षं? मी म्हणते, अरुणभाऊंनी तिला गावी न्यावं. आईजवळ राहील, आराम होईल. बरी झाली की येईल."

बरी झाली की येईल. या वाक्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळत होता. कावेरीनं नवऱ्याकडे बघितलं. भिकाजी हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपर होता. चौतीस वर्षं गल्फमध्ये काढून तो एक गोष्ट पक्की शिकला होता, की दोन माणसं भांडत असली की आपण मालाकडे बघावं. तो मिठाईच्या डब्याकडे बघत होता.

दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तोंड सुजलेलं, अंगावर ओढणी गळ्यापर्यंत घट्ट. घरात हिनं ओढणी कधीपासून घ्यायला सुरुवात केली, असा प्रश्न कावेरीला पडला, आणि संपदालाही त्याच क्षणी पडला असावा.

"ती ओढणी काढ बघू," संपदा म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी पाहिलंय. आई, तूही बघ. मंगळसूत्राची वाटी बघ हिच्या."

"ताई, नको ना," दर्शना म्हणाली.

"का नको? पांढरी पडलीये वाटी! सोनं कधी पांढरं पडतं? एक वाटी आपण केली, एक यांनी. यांनी काय घातलं ते दिसतंच आहे. आजार लपवला तो लपवला, वाटीसुद्धा खोटी."

अरुण उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही. "ती वाटी आईनं हातातली पाटली मोडून केली. एकच पाटली होती तिच्याकडे. तुम्ही आम्हाला आजाराचं काहीही बोला, ताई. पण माझ्या आईच्या सोन्याला खोटं म्हणू नका."

"मग हे काय आहे?"

"मला माहीत नाही."

"दादा, चल," दर्शना एकदम म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर. बॅग भरायला वेळ लागणार नाही मला."

धनंजय उठून तिच्याकडे गेला, पण ती त्याच्याकडे बघेना. कावेरी मात्र जागची हलली नव्हती. खोटं सोनं. हे दोन शब्द तिनं फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका घरात, दुसऱ्या एका बाईच्या तोंडून ऐकले होते.

"हिकडे ये, दर्शना," ती म्हणाली. "खिडकीत ये. काढू नकोस गळ्यातलं. नुसतं बघू दे मला."

तिनं चष्मा लावला. खाली रस्त्यावर दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली होती आणि काचेतून ऊन थेट आत येत होतं. कावेरीनं दोन्ही वाट्या तळहातावर घेतल्या. माहेरची वाटी साधी होती. ती जस्ताच्या भांड्यासारखी फिकट पांढरी दिसत होती. सासरच्या वाटीवर पाठीमागे तीन ठिपके होते. शारजाच्या सूकमध्ये, म्हणजे तिथल्या सोन्याच्या बाजारात, दोन तास उभं राहून कावेरीनंच ती पसंत केली होती, भिकाजीनं समोर वजन करून घेतली होती. तीही पांढरी होती. तितकीच.

तिनं मंगळसूत्राचा सर मानेमागून फिरवून पाहिला. मागचे मणी, मागची तार पिवळी होती. पांढरं होतं ते फक्त पुढचं, गळ्याला लागणारं.

"संपदा," ती म्हणाली, "आपलीसुद्धा वाटी पांढरी आहे."

"काय?"

"दोन्ही पांढऱ्या आहेत. आपलंही सोनं खोटं म्हणायचं का मग?"

कावेरीला आता संपदाकडे बघायला सवड नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर कणकवलीजवळच्या घराची पडवी आली होती. लग्नाला महिना झाला होता. दिराला ताप आला म्हणून नर्सबाई आल्या होत्या आणि त्यांच्या हातून थर्मामीटर फुटला. पाऱ्याचे चमकते थेंब जमिनीवर पळायला लागले. वीस वर्षांची कावेरी खाली बसून ते बोटानं एकमेकांत ढकलत बसली, आणि तिच्या माहेरच्या अंगठीचं सोनं बघता बघता पांढरं झालं. सासूनं ते पाहिलं. पुढचे चार महिने घरात येईल त्या पाहुण्याला सासू सांगायची, खोट्या सोन्यावर पोर दिली आमच्याकडे. अखेर कावेरीच्या वडिलांनी सोनाराला आणलं. त्यानं अंगठी विस्तवावर धरली, पारा उडाला आणि पिवळंधमक सोनं वर आलं. सासूनं ते पाहिलं आणि गोठ्यात निघून गेली. त्या दिवशी रात्री आपण किती रडलो होतो, हे कावेरीला आजही आठवत होतं.

सोनं पांढरं करतो तो पारा. पण या घरात थर्मामीटर बॅटरीचा. मग दर्शनाच्या गळ्याला पारा लागला कुठून? गळ्याला काय लावते ही?

आणि मग कावेरीला ती डबी आठवली.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले होते. समोरच्या टॉवरमध्ये घरातल्या घरात पार्लर चालवणाऱ्या एका बाईनं तिला एक डबी दिली. पंचवीस दिरहॅमची, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. डबीवर एका गोऱ्यापान बाईचं चित्र, बाकी कंपनीचं नाव ना गाव. "सिर्फ आपको दे रही हूँ, आंटी," असं ती म्हणाली होती. कावेरीनं तांदळाएवढी क्रीम वांगांवर लावली आणि पंधरा दिवसांत वांग फिके पडले. मग तिला सुनेची आठवण झाली. दर्शनाचा रंग सावळा. मुलगी बघून परतताना कावेरीच म्हणाली होती, सगळं छान आहे, रंग तेवढा एक जरा. तिनं दुसरी डबी आणून दर्शनाच्या हातात ठेवली होती. "लाव. तोंडाला, गळ्याला, हातांना, दोन वेळा. कुणाला सांगू नको हां, संपदाला तर मुळीच नाही. तीही मागत बसेल."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. चूर्ण? काढा? कोई क्रीम? दर्शनानं क्षणभर सासूकडे बघितलं होतं आणि मग म्हणाली होती, "नो, मॅडम." आणि कावेरीला त्या वेळी काय वाटलं होतं? पोर शब्दाला पक्की आहे, याचं कौतुक वाटलं होतं! क्रीम हे काही औषध नव्हे, त्यात काय सांगायचं, असंही वाटलं होतं. आता ते आठवून तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

गप्प बसता आलं असतं. डब्या खाली कचऱ्यात टाकल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. एवढा विचार तिच्या मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगा. पण समोर दर्शना मान खाली घालून उभी होती. भाऊ अपमान सोसत होता, तिला गावी पाठवायला निघाले होते, आणि तरीही या मुलीनं सासूचं नाव घेतलं नव्हतं.

कावेरी बाथरूममध्ये गेली. आपली डबी तिनं कपाटातल्या टॉवेलांमागून काढली. दर्शनाची कुठं असेल ते शोधायला लागलं नाही. तीही टॉवेलांमागेच होती, फक्त दुसऱ्या टोकाला. तिनं दोन्ही आणून टीपॉयवर ठेवल्या.

"ह्या मी दिलंय तिका," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडात शहरची मराठी टिकत नसे. "माझ्या हातान दिलंय. कोणाक सांगू नको म्हणान मीच सांगलंय. तिची काय्येक चूक नाय. अरुणच्या आवशीची तर नायच नाय."

"काय आहे हे?" धनंजयनं विचारलं.

"रंग उजळूची क्रीम. ह्यात पारो आसा. पाऱ्यानच सोना पांढरा पडता. माझी अंगठी पडली होती."

"आई!" धनंजय ओरडला. "डॉक्टर एवढं विचारत होत्या आणि तुम्ही दोघी..." तो दर्शनाकडे वळला. "तू तरी मला सांगायचंस गं."

"आईंनी सांगू नको म्हटलं होतं," दर्शना म्हणाली. जणू यावर आणखी काही बोलण्यासारखं नव्हतंच.

सगळ्यांचं लक्ष संपदाकडे गेलं ते एका आवाजानं. ती पर्सची चेन उघडत होती. पर्समधून तिनं एक डबी काढली आणि हळूच त्या दोन डब्यांच्या शेजारी ठेवली. तीच गोरी बाई, तेच हसू.

"तुका खय गावली?" कावेरीनं विचारलं.

"त्याच बाईकडे," संपदा म्हणाली. तिचा रिसेप्शनचा आवाज पार गेला होता. "म्हणाली, सिर्फ आपको दे रही हूँ. तुला सांगू नको म्हणून मीच तिला सांगितलं होतं, आई. तू मागत बसशील म्हणून."

अरुणला हसू आलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला आणि त्याला ठसका लागला. दर्शना पाणी आणायला आत पळाली.

"तुला कशाला लागते गं?" धनंजयनं बहिणीला विचारलं.

"मला कशाला लागते? आमच्याकडे नवीन मुलगी आलीये, चोवीस वर्षांची. मॅनेजर म्हणतो, फ्रंट डेस्कवर फ्रेश फेस पाहिजे. तुम्हा पुरुषांना कोण विचारतं फ्रेश फेस आहे का म्हणून?"

समोरच्या फ्लॅटमध्ये खतीजा राहायची. माहेर दापोलीचं, काम एका फार्मसीत. धनंजय तिला बोलावून घेऊन आला. आल्या आल्या तिनं आधी हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि मगच डबी उचलली.

"या अल्ला, काकी. हे कुठून उचललंत तुम्ही?" तिनं डबी उलटी केली आणि बुडाची चिकटपट्टी डोळ्यांजवळ नेली. "हे बघा. ना कंपनी, ना आत काय घातलंय ते. पण एक ओळ लिहिलीये. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नका. सोन्याची काळजी आहे ह्यांना, माणसाच्या चामडीची नाही. पारा असला की असंच लिहितात. आमच्याकडे नोटीस येतात ना ह्या क्रीमच्या, चित्रासकट."

"मी वाचलं होतं ते," दर्शना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"म्हणून क्रीम लावताना बांगड्या काढून ठेवायचे. अंगठी काढायचे. कानातलेसुद्धा." ती थांबली. "मंगळसूत्र कसं काढणार?"

संपदानं आपल्या गळ्याला हात लावला. तिनं मंगळसूत्र ऑफिसच्या ड्रेसवर शोभत नाही म्हणून वर्षापूर्वीच काढून ठेवलं होतं, त्यावरून आईशी तिचं मोठं भांडणही झालं होतं.

"ते नसतं ना गळ्यात," खतीजा म्हणाली, "तर हे कधी कळलंच नसतं. आता डॉक्टरना फोन लावा. यल्ला, चला लवकर, शनिवार आहे तर मेसेज टाका. ह्या डबीचा फोटो टाका."

मेसेज गेला. पुढची वीस मिनिटं कुणीही जेवणाचं नाव काढलं नाही. संपदानं आपल्या पोटऱ्या दोनदा दाबून पाहिल्या. कावेरी सोफ्याच्या हाताला टेकून खाली जमिनीवर बसली होती. मग भिकाजी पहिल्यांदा बोलला.

"माझो बापूस विष्णू," तो अरुणला म्हणाला, कारण घरात ही गोष्ट ऐकायचा राहिलेला तोच एक होता, "दशावतारात बायलांची कामा करी. सीता, द्रौपदी. रोज तोंडाक सफेदो फासी. चांगलो जाड. वीस वर्सा. मग हातच उचलाना. मनगट असा लोंबता. पोटात कळा येत. गावात म्हणत, देवीचो कोप झालो. मुंबयच्या डाक्तरान सांगल्यान, सफेद्यातला शिसा अंगात भिनला. मी इचारलंय त्याका, बाबा, जाड कित्याक लावलास? तो म्हणालो, माझो रंग काळो, झिला. आणि लोकांका गोरीच सीता व्हयी."

"मग ते..." अरुणनं विचारलं.

"गेलो. मी तेव्हा सोळा वर्सांचो. त्याका कोणी डबी बंद कर म्हणान वेळेर सांगूक नाय." भिकाजीनं टीपॉयवरच्या तीन डब्यांकडे बघितलं. "आमका वेळेर कळला."

तेवढ्यात धनंजयचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला. डॉक्टरीणबाईंनी तीन प्रश्न विचारले: किती दिवस, दिवसातून किती वेळा, अंगावर कुठं कुठं. दर्शनानं तिन्हींची खरी उत्तरं दिली. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"गुड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दानं कावेरी जमिनीवरून अर्धी उठली. "बहुत अच्छा किया कि बता दिया. क्रीम आज से बंद. डबी को पॅक करके कल लाना. मर्क्युरी का टेस्ट करेंगे, घर में जिसने भी लगाया सबका. रिपोर्ट तक बायोप्सी रुक सकती है."

"मॅडम, किडनी?" धनंजयनं विचारलं. "ठीक हो सकती है?"

"अगर यही कारण है, तो बहुत चान्स है. मैंने पेशंट देखे हैं. क्रीम बंद, किडनी धीरे धीरे वापस. टाइम लगेगा, दवाई भी लगेगी. लेकिन ये फॅमिलीवाली बीमारी नहीं लगती मुझे. रोना नहीं, ओके?"

कुणीतरी रडतंय हे फोनवरून त्यांना कसं कळलं कोण जाणे. रडत अरुण होता. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवून. फॅमिलीवाली बीमारी नहीं. पाच दिवस तो रोज रात्री खोलीतल्या पलंगावर पडून आपल्या पायांना सूज आहे का ते बघत होता, हे त्यानं नंतर सांगितलं. धनंजयनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तोही डोळे पुसायला लागला. खतीजा म्हणाली, "इन्शाल्ला, इन्शाल्ला, आता जेवा की कुणीतरी."

संपदानं ताटं घेतली. अरुणचं ताट तिनं पहिलं वाढलं. सुरमईचा मधला तुकडा त्याच्या ताटात ठेवला आणि मान वर न करता म्हणाली, "अरुणभाऊ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पाटलीचं मी बोलले, ते त्यांना सांगू नका."

"सांगत नाही, ताई," अरुण म्हणाला. "पण आता या घरात सांगू नका म्हणायचं जरा बंद करूया."

यावर मात्र सगळेच हसले. अगदी संपदासुद्धा. भिकाजीनं मिठाईचा डबा उघडला.

कावेरी स्वयंपाकघरात गेली. दर्शना ओट्याशी उभी राहून सोलकढी वाट्यांत ओतत होती. कावेरी म्हणाली, "तुला बघायला आलो होतो ना, तेव्हा मी रंगाचं बोलले होते. गाडीत बसताना. तू ऐकलं असशील."

"खिडकीतच होते मी," दर्शना म्हणाली.

"मग तू हो का म्हणालीस या स्थळाला?"

"धनंजय तुम्हाला काय म्हणाले, तेही ऐकलं होतं ना." दर्शना किंचित हसली. सुजलेल्या गालांत डोळे बारीक झाले. "पण डबी दिलीत ना आई, तेव्हा वाटलं, अजून विसरल्या नाहीत या. म्हणून जरा जास्तच लावली."

कावेरीनं तिला जवळ घेतलं. आपल्या सासूनं आपल्याला कधीच असं जवळ घेतलं नव्हतं, हे तिला आठवलं, आणि आपण तिच्यासारख्या होता होता थोडक्यात वाचलो, असंही वाटलं. सोलकढी ओट्यावर सांडली. दोघींनीही ती पुसली नाही.

चाचण्या झाल्या. दर्शनाच्या अंगात पारा पुष्कळ निघाला, संपदाच्या अंगात थोडा, कावेरीच्या नावापुरता. पार्लरवाल्या बाईकडे खतीजा स्वतः जाऊन आली आणि जे बोलायचं ते बोलून आली. ती बाई स्वतःही तीच क्रीम लावत होती; दुसऱ्या आठवड्यात, क्रीम बंद केल्यावर आपला चेहरा कसा झाला ते तिनं खतीजाला दाखवलं, पण तो निराळा विषय. मंगळसूत्र खतीजाच्या सांगण्यावरून पिशवीत बंद राहिलं आणि दर्शनाच्या गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत आली. पहिल्या महिन्यात चारातली एक अधिकची खूण गेली. दुसऱ्या महिन्यात आणखी एक. चौथ्या महिन्यात दर्शनाच्या पायातलं जोडवं चालता चालता निसटून लिफ्टच्या दारात पडलं, आणि ते शोधायला अख्खं घर वाकलं होतं तेव्हाच धनंजयच्या फोनवर रिपोर्ट आला. प्रोटीनसमोर काही नव्हतं. नुसती एक आडवी रेघ.

त्याच आठवड्यात सूकमधल्या सोनारानं वाट्या परत दिल्या. त्याच्या कारखान्यात धुराड्याखाली तापवून, उजळून. दोन्ही पिवळ्याधमक. उजळताना मात्र सासरच्या वाटीवरचे तीन ठिपके झिजून गेले होते. "माहेरची कुठली, सासरची कुठली?" ओवताना सोनारानं विचारलं. कावेरीनं दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि सांगितलं, "कशीही ओव."

घरी येऊन तिनं कणकवलीला व्हिडिओ कॉल लावला. दर्शनाला फोनसमोर बसवली.

"बघ गो," ती जावेला म्हणाली, "सुनेची तब्येत कशी उतरली ती!"

जाऊ बिचारी गोंधळली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. दर्शनाची हनुवटी पुन्हा टोकदार झाली होती, गळ्याची हाडं दिसत होती, आणि ती खो खो हसत होती.

"वायच सुकलीहा," जाऊ जपून म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पण काय गो कावेरी, रंग किती उजळलो होतो तिचो. गेलो मा सगळो?"

कावेरीनं सुनेकडे बघितलं. दुपारचं ऊन दर्शनाच्या सावळ्या गालावर पडलं होतं.

"गेलो खय?" ती म्हणाली. "परत इलो."